खारट लागलं की बोट वर करा

सायकल दुरुस्त करणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. एक तऱ्हा ट्यूब हातात घेते, नाक मुरडते आणि म्हणते, "बदलावी लागेल." दुसरी म्हणते, "आणा इकडे, बघू." आपला ठिगळ्या दुसऱ्या तऱ्हेचा, आणि त्यातही हाताबाहेर गेलेला. आईबापांनी त्याचं चांगलं नाव ठेवलं होतं, पण रस्त्याच्या वळणावरच्या त्या दुकानात तीस वर्षं काढल्यावर ते नाव फक्त दुकानाच्या पाटीवर उरलं होतं, आणि पाटी धुळीने भरलेली. आत खिळ्याला एक ट्यूब टांगलेली होती. तिला एकोणीस ठिगळं होती आणि ती अजून हवा धरत होती. लोक पोरांची प्रगतिपुस्तकं दाखवतात तशी तो ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

त्याला एक खोड होती. जुनी वस्तू अशी दुरुस्त करायची की मालकाला ती नवीच वाटावी, वर तोंडाने "नवी टाकली" असं सांगायचं, आणि महिनाभराने, मालक खूश असताना, हळूच म्हणायचं, "ती नवी नव्हती बरं का. तुमचीच होती." मग पैसे परत. त्या वेळी मालकाचा चेहरा बघण्यात जे सुख होतं ते त्याला जेवणातही मिळत नसे. बायको म्हणायची, "एक दिवस ही खोड अंगाशी येईल." तो म्हणायचा, "तीस वर्षांत आली नाही."

एकतिसाव्या वर्षी आली. आणि त्याच्या अंगाशी नाही, ताईच्या डोळ्याशी.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि हा नऊ. पुढे ती नर्स झाली, इस्पितळात आयुष्य काढलं, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून सायकलवरून घरोघर जाऊ लागली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची ड्रेसिंगं, इंजेक्शनं, सलाइनी. तिच्या हातची सुई कळत नाही अशी ख्याती होती. एक आजोबा तर सुई टोचून झाल्यावर विचारायचे, "मग, कधी देताय?" सायकलच्या कॅरिअरवर तिची औषधांची पत्र्याची पेटी असायची, आणि पेटीवरून ताणून बसवलेला, दोन्ही टोकांना हूक असलेला रबरी पट्टा.

हा पट्टा सैल पडला. ताईने सायकल दुकानात लावली आणि म्हणाली, "नवा टाक रे, पेटी घसरते." ठिगळ्याने पट्टा बघितला. वरचं विणलेलं कापड शाबूत होतं, आतले रबराचे दोरे एका जागी तुटले होते. एका हुकाची प्लास्टिकची टोपी गेली होती आणि टोक गंजलं होतं. त्याचे हात शिवशिवू लागले. नवा पट्टा समोर टांगलेला होता, तो त्याने काढला नाही. तुटलेले दोरे एकावर एक घेतले, बारीक तारेने आवळले, वरून कापड ओढून घेतलं. हुकाचं टोक कानसीने घासून गुळगुळीत केलं, आणि व्हॉल्व्हवर चढवतात ना, ती बारीक रबरी नळी, तिचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून त्या टोकावर चढवला. झकास दिसत होतं.

"ताई, नवा टाकला बघ."

"किती घट्ट आहे," ताई ताणून बघत म्हणाली. ठिगळ्या मनातल्या मनात महिना मोजू लागला.

नवव्या दिवशी सकाळी ताई हवा भरायला थांबली. हवा भरून झाली, पेटी जरा तिरकी झाली होती ती तिने सरळ केली आणि वाकून पट्टा पुन्हा ताणला. ठिगळ्या दोन हातांच्या अंतरावर पाना शोधत होता. त्याने तार सुटताना पाहिली. पट्टा मधूनच निसटला, हुकाचं टोक साप उसळावा तसं उसळलं, आणि ताई डोळ्यावर हात दाबून खाली बसली. बोटांमधून रक्त येत होतं.

"हात सुटला माझा," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. इतरांच्या जखमा बघून बघून आवाज तसाच राहिला असावा. "हात सुटला रे."

ठिगळ्याच्या हातात पट्ट्याचे दोन तुकडे होते. ते त्याने कधी उचलले आणि कधी खिशात कोंबले हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"हो," तो म्हणाला. "सुटला."

डोळ्यांच्या इस्पितळात एक डॉक्टरबाई होत्या. बारीक चणीच्या, केस पांढरे, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय. त्यांनी ताईची पापणी दोन काड्यांनी अलगद उचलली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "डोळा वाचलाय. दिसण्यात काही फरक पडणार नाही. पण नळी तुटली आहे."

"कसली नळी?" ठिगळ्याने विचारलं.

डॉक्टरबाईंनी कागद ओढला आणि पेन्सिलीने डोळा काढला. नाकाकडच्या कोपऱ्यात, खालच्या पापणीच्या काठावर एक टिंब दिलं. "इथं टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. वर एक, खाली एक. तिथून दोऱ्याएवढ्या जाड नळ्या निघतात, नाकाजवळच्या एका पिशवीत जातात आणि तिथून पाणी नाकात उतरतं, घशात जातं. डोळ्यात पाणी सारखं तयार होत असतं. आपण रडत नसतो तेव्हाही."

"म्हणजे माणूस दिवसभर आपलंच पाणी गिळत असतो?"

"हो. कळत नाही एवढंच." त्यांनी खालच्या रेघेवर काट मारली. "यांची ही तुटली. नुसती पापणी शिवून भागणार नाही. तुटलेली दोन्ही टोकं शोधून समोरासमोर आणायची, आत सिलिकॉनची बारीक नळी घालायची आणि तिच्याभोवती शिवायचं. नळी तीन महिने आत. नाही जोडली तर हा डोळा जन्मभर वाहत राहील."

ताईने एका डोळ्याने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "वाहत्या डोळ्यानं सिरिंजवरच्या रेघा दिसतात का?"

"धूसर दिसतात."

"मग जोडा," ताई म्हणाली. बाकी काही विचारलं नाही.

सकाळी चहा-पोळी खाऊन निघाली होती, त्यामुळे भूल दुपारनंतरच देता येणार होती. तोवर ठिगळ्या बाहेरच्या बाकावर बसला. बाक लोखंडी, एका पायाने डुगडुगणारा. एरवी त्याने खाली पुठ्ठ्याची घडी सारली असती. आज त्याचा हात खिशात गेला आणि हुकाला लागला. टोक उघडं होतं.

त्याने पट्ट्याचा तुकडा अर्धवट बाहेर काढून पाहिला. रबरी तुकडा नव्हता. साबणाच्या पाण्याने चढवलेलं रबर वाळलं की चावून बसतं, उगाच कुठे पडत नाही. कशाला तरी अडकून निघालं तरच निघतं. म्हणजे ते ताईच्या जखमेत अडकलं असणार.

पण माणसाचं मन मोठं सोयीचं असतं. पडलं असेल रस्त्यावर, मनाने सांगितलं. ठिगळ्या उठला, दुकान गाठलं आणि दुकानासमोर गुडघ्यांवर बसून धूळ चाळू लागला. येणारेजाणारे थांबून विचारू लागले. "काय हरवलं?" "अंगठी का?" एकाने तर स्वतःहून वाकून मदत सुरू केली आणि बेअरिंगचे छर्रे गोळा करून दिले. तासाभरात ठिगळ्याला काय काय सापडलं. व्हॉल्व्हच्या चार टोप्या, एक चावी, आणि रबरी नळीचे अकरा तुकडे.

अकरा! तीस वर्षं तो याच जागी बसून व्हॉल्व्हच्या नळ्या कापत होता, तर तुकडे काय चंद्रावर सापडणार? त्याने ते तळहातावर ओळीने मांडले. त्यातला एक साधारण तेवढाच होता. रंगही तोच. हाच असेल, मन म्हणालं. हाच आहे. कुणाला काही सांगायची गरज नाही, जा आणि बाकावर बस. ठिगळ्याने तो तुकडा उचलून डोळ्यांजवळ धरला. त्याने ताईसाठी कापलेला तुकडा एका टोकाला तिरका होता, कात्री बोथट झाली म्हणून. हा दोन्हीकडून सरळ होता.

सरळ तर सरळ. दुसऱ्या कुणी पाहिली होती तिरकी बाजू? कुणीच नाही. त्याने एकट्याने पाहिली होती, आणि आता तेच नडत होतं.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर त्याने डॉक्टरबाईंना गाठलं. त्या हिरवा डगला घालून निघाल्या होत्या.

"मॅडम, जखमेत रबर असेल," तो म्हणाला आणि पुढचं एका दमात सांगून टाकलं. पट्टा, तार, कानस, नळीचा तुकडा. येताना त्याने नव्या नळीचा तसाच तुकडा कापून आणला होता, एका टोकाला तिरका. तो त्याने पुढे केला. "एवढं. या रंगाचं. हे टोक असं."

डॉक्टरबाईंनी तो तुकडा उजेडाकडे धरला. "एक्स-रेत रबर दिसत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "सूज आहे, रक्त साकळलं आहे. तुम्ही बोलला नसता तर मी वरून सुरेख शिवलं असतं आणि आठ दिवसांत सगळं पिकून उसवलं असतं. बरं केलंत."

"ताईला…" ठिगळ्या म्हणाला. "ताईला हे कळू देऊ नका. तिला पट्टा नवा वाटतोय."

"रबर निघालं तर ते निघालं हे मी पेशंटला सांगणार. ते कुणी चढवलं होतं, हे तुमचं तुम्ही सांगा. ते काही माझं ऑपरेशन नाही." आणि त्या आत गेल्या.

दीड तासाने बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक काचेची बाटली होती. तिच्या तळाशी काळा तुकडा होता, एका टोकाला तिरका. ठिगळ्याने तो लगेच ओळखला. स्वतःचं काम ओळखल्याचा त्याला असा पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

"जुळली नळी?"

"जुळली." डॉक्टरबाई बाकावर बसल्या, बाक डुगडुगला. थकल्या होत्या, पण काम मनासारखं झालं की माणसाला बोलावंसं वाटतं, तसं त्यांचं झालं असावं. "आतलं टोक काही केल्या दिसेना. तुटलं की ते मांसात आक्रसून बसतं. मग डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी भरलं आणि वरच्या चांगल्या नळीतून हळूच हवा सोडली. जिथून बुडबुडे आले…"

"तिथं भोक!" ठिगळ्या ओरडलाच. बाजूची माणसं बघू लागली. "टबात ट्यूब बुडवून आम्ही तेच करतो!"

"तेच. फक्त आमचा टब चमचाभर पाण्याचा." त्या हसल्या, मग हसू आवरून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या हातात कसब आहे हो. ते कुठे वापरायचं नाही, तेवढं शिका."

पुढचे तीन महिने ठिगळ्याने रोज ताईला खरं सांगायचं ठरवलं. आधी म्हणाला, पट्टी निघू दे. पट्टी निघाली. मग म्हणाला, टाके निघू देत, तिला उगाच ताप नको. टाके निघाले. मग म्हणाला, नळी निघू दे, काय ते एकदाच कळू दे. बायकोला त्याने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं आणि ती रोज ताट वाढताना विचारायची, "सांगितलं?" तो भाजीकडे बघायचा. "वाटलंच," ती म्हणायची आणि भाजी वाढायची.

ताईच्या डोळ्याच्या कोपऱ्यात त्या सिलिकॉनच्या नळीचा बारीकसा फास दिसायचा, काचेच्या दोऱ्यासारखा. चोळायचा नाही, ओढायचा नाही. नळी आत असेपर्यंत डोळा थोडा थोडा वाहायचा. बिचारी जन्मात चारचौघांत रडली नव्हती, आणि आता दूधवाला, शेजारीण, वाचनालयातला कारकून, जो तो तिला विचारायचा, "काय झालं हो?" पहिले काही दिवस तिने खरं कारण सांगितलं. मग कंटाळून ती म्हणू लागली, "तुमचीच काळजी वाटते."

बाटलीतला रबराचा तुकडा डॉक्टरबाईंनी तिला दिला होता. तिने तो खिडकीत ठेवला. "हुकाला असतं ना ते रबर," ती ठिगळ्याला म्हणाली, "ते आत गेलं होतं बघ." ठिगळ्याने मान हलवली आणि मूग गिळून बसला.

सायकल त्याच्याच दुकानात उभी होती. कामाचं विचारलं तर ताई म्हणायची, "नळी निघेपर्यंत सुट्टी." तिच्या घराघरांची यादी तेवढ्यापुरती एक नवी मुलगी बघत होती, नुकती नर्स झालेली. आजोबा त्या मुलीला म्हणे विचारत नव्हते कधी देताय म्हणून. ओरडत होते.

एक गोष्ट ठिगळ्याच्या डोळ्यांसमोरून गेली, पण डोक्यात शिरली नाही. ताई चहाचा कप आता दोन हातांनी धरायची. त्याला वाटलं, थंडी आहे.

नळी काढायच्या दिवशी तो ताईबरोबर गेला. डॉक्टरबाईंनी थेंब टाकून डोळा बधिर केला, कोपऱ्यातला फास कापला आणि नाकातून नळी अलगद ओढून घेतली. मिनिटभराचं काम. ताईला एक शिंक आली, बस. मग त्यांनी बोथट सुईची एक लहान सिरिंज घेतली.

"आता मिठाचं पाणी सोडते खालच्या भोकातून. नळी जुळली असेल तर घशात उतरेल. नसेल तर डोळ्यातूनच परत येईल. बोलू नका, हलू नका. खारट लागलं की बोट वर करा."

ठिगळ्या दाराशी उभा होता. त्याच्या दुकानात परीक्षा झटपट व्हायची. ट्यूब पाण्यात घातली, बुडबुडे आले नाहीत, झालं. इथे बघायला काहीच नव्हतं. फक्त ताईचा गुडघ्यावर पडलेला हात होता आणि तो हलत नव्हता. सिरिंजचा दट्ट्या सरकत होता. परत येतंय का पाणी? गालावर काही दिसत नव्हतं, पण तो लांब होता. हलव ना बोट, ताई, तो मनात म्हणाला. एवढं हलव, मी सगळं सांगतो.

ताईने गिळलं. मग तर्जनी वर केली, अगदी सरळ, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखी.

"खारट?"

"खारट," ताई म्हणाली. "चांगलंच."

ठिगळ्याचा जीव भांड्यात पडला. आणि भांड्यात पडता पडता त्या लबाड जिवाने काय विचार केला असेल? की आता सगळं ठीकच आहे. डोळा बरा झाला, नळी जुळली. आता सांगून काय मिळणार? झाकली मूठ झाकलेलीच राहू द्यावी. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं, याची मला त्याच्या वतीने लाज वाटते, पण वाटलं खरं.

"उद्यापासून कामाला लागा," डॉक्टरबाई हात धुता धुता म्हणाल्या. "सायकलही चालवा."

"काम सोडलं मी," ताई म्हणाली.

"का? डोळा उत्तम आहे."

"डोळ्याचं नाही हो." ताईने दोन्ही तळहात वर करून मांडीवर ठेवले. ती त्यांच्याकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचे असावेत असं. "हात राहिला नाही. नवा कोरा पट्टा होता, डॉक्टर, घट्ट धरला होता, आणि सुटला. सुटताना कळलंसुद्धा नाही मला. तेच जास्त वाईट. उद्या म्हाताऱ्या माणसाच्या शिरेत सुई असताना सुटला, तर? मी पाहिलंय असं होताना, इतरांचं. ज्याचं होतं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. म्हणून मीच आपणहून थांबले. यादी त्या मुलीला कायमची देऊन टाकली, सायकल याला विकायला सांगणार आहे."

नळ चालूच होता. डॉक्टरबाईंनी तो बंद केला आणि ठिगळ्याकडे पाहिलं.

"ताई," ठिगळ्या म्हणाला, "दुकानात चल."

दुकानात त्याने तिला स्टुलावर बसवलं आणि हत्यारांच्या पेटीच्या तळातून पट्ट्याचे दोन तुकडे काढून तिच्यासमोर ठेवले. तारेची वेटोळी अजून एका टोकाला लोंबत होती. त्याने बोलायला सुरुवात केली. दोऱ्यांपर्यंत आला, तारेपर्यंत आला, आणि मग त्याला पुढे जाता येईना. पन्नाशीचा माणूस, हाताला ग्रीस, डोळे भरून आलेले, आवंढा गिळत उभा.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "खारट लागलं?"

"हो."

"मग बोट वर कर आणि पुढचं सांग."

त्याने पुढचं सांगितलं. महिन्याभराने गंमत म्हणून सांगायचं होतं, हेसुद्धा सांगितलं. ताई ऐकत होती. तिने तारेचं वेटोळं बोटावर घेतलं, उलटसुलट केलं. मग बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, पण ठिगळ्याने तो आवाज नवव्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

"मी तुला विचारलं होतं. रस्त्यावर. रक्त येत होतं तेव्हा. हात सुटला म्हणाले मी. तू काय म्हणालास?"

"सुटला म्हणालो."

"तीन महिने," ताई म्हणाली. "तीन महिने मी रोज सकाळी उठून हात पुढे धरते, थरथरतो का बघते. भाजी चिरताना बघते. आंघोळीचा तांब्या धरताना बघते. कप सुटेल म्हणून दोन हातांनी धरते. मला वाटलं, आपलं संपलं. डोळ्यात आकडा घुसला त्याचं काही नाही रे, वस्तू आहे, तुटते. तुझी चूक झाली, तीही मी दोन दिवस बोलून विसरले असते. डॉक्टरांनी नळी जोडली. पण हा हात तू माझ्याकडून काढून घेतलास आणि घेऊन गप्प बसलास. मी रोज समोर येत होते. रोज!"

खिळ्यावरची एकोणीस ठिगळांची ट्यूब ठिगळ्याला दिसत होती आणि ती तिथून काढून कुठेतरी फेकून द्यावी असं त्याला वाटत होतं. आपण ताईचा डोळा फोडता फोडता वाचलो, एवढंच ओझं तो तीन महिने वाहत होता. खरं ओझं तर ताई वाहत होती, आणि ते त्याने दिलेलं होतं.

बाहेर कुणीतरी सायकल घेऊन आलं, आतला प्रकार बघून हवा न भरताच निघून गेलं.

"हे हूक काढ," ताई एकदम म्हणाली.

"काय?"

"पक्कड घे आणि याचं हूक काढ. एकदा डोळ्यात गेलंय, पुन्हा नको."

त्याने लांब तुकड्याचं हूक पकडीने काढलं. ताई उठली, पट्ट्याचं एक टोक तिने उजव्या हाताच्या मुठीभोवती एक वळसा न घेता नुसतं धरलं, आणि दुसरं टोक त्याच्यापुढे केलं.

"धर."

"ताई, कशाला?"

"धर म्हणते ना. घट्ट धर. मुद्दाम सोडलंस तर याद राख, मला कळतं."

त्याने धरलं. ताईने ओढायला सुरुवात केली. रबर ताणलं, विणलेलं कापड पातळ होत गेलं. पाना पिळून पिळून ठिगळ्याचा पंजा सांडशीसारखा झाला होता. त्याला वाटलं, ही आता सोडेल. ताईने सोडलं नाही. तिचे ओठ आवळलेले होते, दुखावलेल्या उजव्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते गालावर न येता जिथे जायचं तिथे जात होतं. ती एक पाऊल मागे सरकली. ठिगळ्याने दात आवळले, सगळा जोर लावला, खरोखर सगळा. ग्रीसच्या बोटांतून कापड एक बोट सरकलं, दोन बोटं सरकलं, आणि सटकन निघून गेलं.

पट्टा ताईच्या मनगटावर फटकन बसला. ती हलली नाही. मूठ तशीच बंद होती.

"कुणाचा सुटला?" तिने विचारलं.

"माझा," ठिगळ्या म्हणाला.

ताईने मूठ उघडली, हाताकडे एकदा पाहिलं, बोटं मिटली, उघडली. मग पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. ठिगळ्याचा हात सवयीने डब्याकडे गेला, आणि तिने नुसतं बघितल्यावर मागे आला.

"त्या मुलीला मी फोन करते," ती म्हणाली. "आजोबांना उद्या सकाळी मीच जाते. तू दोन्ही चाकांत हवा भर. आणि पेटीला साधी दोरी बांध."

"बांधतो."

"नवी."

ठिगळ्याच्या दुकानात दोरी होती, गाठी मारून लांब केलेली, चांगली मजबूत. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. चपला घातल्या आणि समोरच्या दुकानात नवी दोरी आणायला गेला.